पहिल्या आठवड्यातील घट चरबीची नव्हे

महोदय,

भात, पोळी आणि साखर बंद करून आठवडाभरात दोन-तीन किलो वजन घटवल्याचे दावे हल्ली सर्रास ऐकू येतात. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साधारण अर्धा किलो कर्बोदके साठवलेली असतात व त्यातील प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. त्यामुळे आहारातील कर्बोदके तोडताच हा साठा आटतो आणि काट्यावर प्रथम दिसते ती बहुतांशी पाण्याची घट. चरबी उतरते ती नंतर, प्रथिने वाढल्याने भूक लवकर भागून एकूण उष्मांक कमी पोटात जातात म्हणून. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ प्रौढांवर केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षाअखेर कमी कर्बोदके घेणाऱ्यांचे सरासरी ६ किलो, तर कमी स्निग्ध पदार्थ घेणाऱ्यांचे ५.३ किलो वजन उतरले. संख्याशास्त्राच्या निकषावर हा फरक लक्षणीय ठरला नाही. ज्वारीच्या भाकरीला शत्रू ठरवण्याचे कारण नाही.

मला खरी काळजी वाटते ती मधुमेहींची. इन्शुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता कर्बोदके एकदम तोडल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. आहारविषयक प्रत्येक लेखासोबत आपण ही सूचना ठळकपणे छापावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा