सरसकट ‘ग्रहणयोग’ नको

महोदय,
पत्रिकेत चंद्र राहू किंवा केतूसोबत एका राशीत दिसला, की लगेच ‘ग्रहणयोग’ सांगून शांतीचा खर्च काढला जातो. चंद्र एका राशीत सुमारे सव्वादोन दिवस असतो. म्हणजे राहूची आणि केतूची अशा दोन राशी धरून दर महिन्यात साडेचार दिवस जन्मणारी सगळीच बाळे ग्रहणयोगाची! खऱ्या ग्रहणाला अमावास्या किंवा पौर्णिमा लागते. ऐन ग्रहणात जन्मलेल्यांचेही आयुष्य त्या सावलीने ठरते, याला कसलाही पुरावा नाही. तरी मुलावर शिक्का बसतो. साधा ताप आला तरी बोट आईकडे दाखवले जाते. हे फार क्लेशदायक आहे. पत्रिका पाहणाऱ्यांनी जन्मतारखेला ग्रहण होते का, एवढे तरी पंचांगात पडताळावे.

– एक वाचक