लॉनच्या नादी लागलास तर...

कोलंबस, ओहायो
मे अखेर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

होमस्टेजवळ लॉन करायचं मनावर घेतलंस आणि माझ्या इथल्या लॉनचं वेळापत्रक मागितलंस. पण ते गुहागरात चालायचं नाही. इथलं केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू ही थंडीची गवतं. वसंतात आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात जोमात वाढतात, जुलैच्या उन्हात मान टाकतात. म्हणून मुख्य खत सप्टेंबरात. तुझा हंगाम मिरगापासून दसऱ्यापर्यंत.

नर्सरीवाला काहीही सांगो, तू हरळीच लाव. आबांनी जन्मभर बांधावरून खणून फेकली, आता आपण पैसे देऊन आणायची! पण ऊन आणि खारा वारा ती सोसते. माडाच्या दाट सावलीत मात्र धरत नाही. बी पहिल्या मोठ्या सरीत वाहून जाईल. मुळं असलेल्या कांड्या लाव. खाली जांभा, तेव्हा निदान ६ इंच माती हवी, कुजलेलं शेणखत घालून, आणि उतार गडग्याकडे. पाणी तुंबलं की मुळं कुजलीच म्हणून समज.

खरी मेहनत कापण्यात. एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच उडवायचा. आम्ही ३ इंच ठेवतो, हरळीला दीड पुरे. म्हणजे श्रावणात आठवड्यातून दोनदासुद्धा यंत्र काढावं लागेल, तेही उघडीप बघून. ब्लेडला धार ठेव. बोथट ब्लेड गवत ओरबाडतं. दुसऱ्या दिवशी वाकून बघ, टोकं चिंध्या झालेली, पांढुरकी दिसतात. रोग तिथूनच शिरतो. कापलेलं आम्ही तिथेच पडू देतो, त्यातला नत्र मातीत परत जातो. तुझ्याकडे पावसात त्याचे गोळे होऊन खालचं गवत पिवळं पडेल, तेव्हा ओढून माडांच्या आळ्यात घाल.

मुसळधार पावसात युरिया टाकलास तर सरळ वहाळाला जाईल. उघडिपीत, थोडा थोडा. दसऱ्यानंतर पाणी आठवड्याला साधारण १ इंच, पहाटेच. रात्रभर पाती ओली राहिली की बुरशी येते. मोजायला लॉनवर रिकामा डबा ठेव. मेमध्ये विहीर आटली तर बागेला दे, लॉन पिवळं पडू दे. हरळी पावसाला फुटतेच.

आणि वहिनींचं अंगण सोड. आंबोशी, कोकमं कुठे वाळवायची त्यांनी? विहिरीकडची बाजू पुरे. तेवढ्याला हाताने ढकलायचं यंत्र चालेल, पेट्रोलचं घेऊ नको. माती आधी दापोलीला कृषी विद्यापीठात तपासून घे आणि जागेचे फोटो पाठव.

आईला शि. सा. न.

तुझा,
बाळ्या