राजाचा सचिव हा स्वीय सहायक नव्हे

संपादक महोदय,

ब्रिटनच्या राजाच्या ‘प्रायव्हेट सेक्रेटरी’ला मराठी बातम्यांत सर्रास ‘स्वीय सहायक’ म्हटले जाते. हे चूक आहे. राजवाड्यातला हा राजाचा सर्वात महत्त्वाचा सल्लागार. तिसऱ्या जॉर्जची दृष्टी अधू झाल्यावर १८०५ मध्ये हर्बर्ट टेलर यांच्यापासून हे पद सुरू झाले. लाल पेटीतून राजापुढे जाणारे सरकारी कागद, भाषणे, दौरे ही कामे याच कार्यालयाची.

खरा कस लागतो तो त्रिशंकू संसदेच्या वेळी. पंतप्रधान संसद विसर्जित करायला सांगतात, तेव्हा राजा नकार देऊ शकतो का? सहाव्या जॉर्जचे सचिव ॲलन लॅसेल्स यांनी १९५० मध्ये टोपणनावाने ‘द टाइम्स’ला पत्र लिहून नकाराच्या तीन अटी मांडल्या: संसद अजून काम करण्याजोगी असावी, निवडणुकीने अर्थव्यवस्थेला धक्का बसणार असावा आणि बहुमत टिकवणारा दुसरा पंतप्रधान मिळण्याची खात्री असावी. तिसरी अट सर्वात अवघड, कारण अंदाज चुकला तर नाकारलेली निवडणूकच द्यावी लागते आणि राजा पक्षपाती ठरतो. म्हणून राजाचा सचिव हा मंत्रिमंडळ सचिवाशी व पंतप्रधानांच्या प्रमुख सचिवाशी सतत संपर्क ठेवतो. कृपया यापुढे ‘राजाचे खासगी सचिव’ असेच छापावे.

आपला,
एक नियमित वाचक