तीन नंबरचा रॉड: पवईला पळण्याआधी

मुलुंड (पूर्व), मुंबई
१८ जानेवारी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

फ्लाय रॉड, म्हणजे पिसांचा गळ फेकायची काठी, आला, साडेसात फुटी, चार तुकड्यांचा, तीन नंबरचा, आणि हातात घेतल्यावर "काहीच वजन नाही", एवढं तुझ्या मेसेजवरून कळलं. रविवारी पवईच्या तलावावर नेऊन बघतो म्हणतोस. तो बेत एक आठवडा पुढे ढकल. नवा रॉड थेट पाण्यावर नेला की आपलं लक्ष माशाकडे जातं, रॉडकडे राहत नाही. फेक बिघडली तर दोष रॉडचा, लाइनचा, हाताचा की वाऱ्याचा, हे तिथे काही केल्या उमगत नाही. आधी घर, मग गवत, मग पाणी.

"काहीच वजन नाही" हे वाक्य फसवं आहे. काट्यावरचं वजन वेगळं आणि हाताला लागणारं वेगळं. खराटा टोकाशी धरून आडवा उचल, मग मधोमध धरून उचल. वजन तेच, पण मनगट दोन वेगळ्या गोष्टी सांगेल. रॉडचंही तसंच. मुठीकडचे दहा ग्रॅम जाणवत नाहीत, शेंड्याकडचे दोन ग्रॅम तासाभरात मनगट दुखवतात. म्हणून रॉड जोडून आडवा धर, मनगटाने एक छोटा झटका दे आणि हात थांबव. शेंडा एक-दोन हेलकाव्यांत स्थिरावला तर चांगला. थरथरत राहिला तर तीच थरथर पुढे लाइनमध्ये लाटा होऊन उतरते आणि अंतर खाते. तुझा जुना पाच नंबर शेजारी ठेवून हेच करून बघ, फरक लगेच कळेल.

जोडताना आधी छताचा पंखा बंद कर. हसू नकोस. साडेसात फुटी रॉड उभा केला की आपल्या फ्लॅटमधला पंखा हाताच्या अंतरावर येतो, आणि फिरत्या पात्याने शेंडा तुटणं हे फ्लाय रॉडच्या मरणाचं अगदी नेहमीचं कारण आहे. दुसरं कारण गाडीचं दार.

सांधे कोरड्या सुती फडक्याने पुसून घे, आतली बाजूही. शेंड्याकडून सुरुवात कर: वरचे दोन तुकडे, मग तिसरा, शेवटी मुठीचा. रॉडवरच्या कड्या (ज्यांतून लाइन जाते त्या) एका रेषेत न धरता पाव वळसा बाजूला ठेवून तुकडा आत सरकव आणि दाबता दाबता फिरवत रेषेत आण. नुसता सरळ ढकललेला सांधा फेकता फेकता सैल होतो आणि सैल सांध्यावर रॉड चिरतो, तोही बाहेरच्या तुकड्याच्या तोंडाशी. दर अर्ध्या तासाने चारही तुकडे हाताने चाचपून बघायची सवय लाव. सांधा सारखा सुटत असेल तर आत जाणाऱ्या टोकावर साधी पांढरी मेणबत्ती हलकेच घास. तेल किंवा ग्रीस नको, त्यावर धूळ बसते. सांधा अडकलाच तर पकड वापरू नकोस आणि कड्यांना धरून पिळू तर अजिबात नकोस. दोघं समोरासमोर उभे राहा, प्रत्येकाचा एक हात सांध्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला, आणि सरळ ओढा.

आता नंबर. इथेच बहुतेकांची गल्लत होते, कारण आपण शिशाचं वजन लावून गरवायला शिकलेले. तिथे वजन पुढे जातं आणि दोरी मागून ओढली जाते. इथे पुढे जायला वजनच नाही; पिसांचा गळ म्हणजे जवळपास हवा. जाते ती लाइन, म्हणजे लेप दिलेली दोरी, गळ तिच्यामागे. रॉडवरचा ३ हा आकडा म्हणूनच लाइनचा आहे. लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं, म्हणजे सुमारे ९.१ मीटरचं वजन १०० ग्रेन, साधारण ६.५ ग्रॅम, असलं की ती तीन नंबर. पाच नंबर १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅमच्या किंचित वर. आठ नंबर २१० ग्रेन, साडेतेरा ग्रॅमच्या पुढे. तीन नंबरला ९४ ते १०६ ग्रेन इतकी सूट मानतात. पण खोक्यावर ३ छापून आत अर्धा-एक नंबर जड लाइन देण्याची पद्धत हल्ली फार आहे. म्हणून खोक्यावर विसंबू नकोस. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घे, पुढचे ३० फूट मोजून गुंडाळी कर (अगदी टोकाचा एकसारख्या जाडीचा वीतभर भाग मोजायचा नसतो) आणि वजन कर. ६.१ ते ६.९ ग्रॅम आलं तर ठीक. आठ ग्रॅमच्या आसपास आलं तर तुझ्याकडे नावाची तीन आणि कामाची चार नंबर लाइन आहे. त्या लाइनवर रॉड "मऊ" वाटला तर दोष रॉडला देऊ नकोस.

रीलवर आधी बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागची जादा दोरी: २० पाउंडी डॅक्रॉन, पन्नास मीटर पुरे. मग लाइन, मग लीडर, म्हणजे लाइन आणि गळ यांच्यामधला बारीक दोरा. रील काठोकाठ भरू नकोस, कडेपासून पाच-सहा मिलिमीटर मोकळे ठेव. नाहीतर घाईत वाकडीतिकडी गुंडाळलेली लाइन चौकटीला घासते आणि तिचा लेप सोलला जातो. लीडर साडेसात फुटी, टोकाला ५ एक्स. जाडीचा हिशेब सोपा आहे: ११ मधून एक्सचा आकडा वजा कर, उरतील तितके इंचाचे हजारावे भाग. ५ एक्स म्हणजे ६, म्हणजे ०.१५ मिलिमीटर.

कड्यांतून लाइन ओवताना एकेरी टोक ओवू नकोस. लाइन दुमडून तिचा फास ओव. हातातून सुटली तरी तो पुढच्या कडीत अडकून राहतो, सगळी लाइन सळसळत खाली येत नाही. ओवून झालं की कड्या मोज, हमखास एक राहून गेलेली असते. आणि लाइन बाहेर काढताना शेंड्यापाशी हात नेऊन सरळ पुढे ओढ. मुठीपाशी उभं राहून खाली ओढलीस तर शेंडा केसाच्या पिनेसारखा वळतो. हलक्या रॉडचा शेंडा काडेपेटीतल्या काडीइतकाच जाड असतो, तो तिथेच जातो.

नव्या लाइनला रीलची आठवण असते, स्प्रिंगसारखी वळ्यावळ्यांनी उतरते. दहा-दहा मीटर काढून दोघांनी दोन टोकं धरून हळू ताण द्या. एवढ्यावर सरळ होते.

गवतासाठी जागा शोधणं ही मुंबईतली खरी अडचण. मागे बारा मीटर, पुढे पंधरा, आणि डोक्यावर ना तारा ना फांद्या. शिवाजी पार्क किंवा ओव्हलवर रविवारी उभं राहिलास तर पहिल्या दहा मिनिटांत कुणाचा तरी चेंडू किंवा कुणाचा तरी कान लाइनमध्ये येईल. मधल्या वारी सकाळी सातला जा, किंवा सोसायटीच्या बागेसाठी सेक्रेटरींना विचार. गच्ची नको: सिमेंटवर लाइनचा लेप एका सकाळीत खरवडला जातो, शिवाय आसपासच्या तारा. रॉड कार्बनचा आहे आणि कार्बनमधून वीज जाते हे विसरू नकोस. त्याच कारणाने जोडलेला रॉड घेऊन प्लॅटफॉर्मवर जायचं नाही, वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. चार तुकडे नळीत घातले की सगळं मिळून साठ-पासष्ट सेंटिमीटरचं होतं, लोकलच्या रॅकवर मावतं.

गवत दवाने ओलं असेल तर उत्तम, लाइन सुळकन उचलली जाते. गळाच्या जागी दोन सेंटिमीटर लाल लोकर बांध. गवतावर गळ बांधून सराव करायचा नाही, आणि चष्मा-टोपीशिवाय उभं राहायचं नाही.

सहा, नऊ, बारा मीटरवर चुन्याच्या खुणा कर आणि नऊच्या खुणेवर घरातली परात ठेव. सुरुवात सहा मीटरपासून. तीन नंबरचा रॉड घेण्याचं कारणच जवळची, हळुवार फेक; पंचवीस मीटर टाकून दाखवणं हे त्याचं काम नाही. सहा मीटर लाइन बाहेर असताना रॉडचा वरचा तिसरा भाग वाकलेला जाणवला पाहिजे. काहीच जाणवलं नाही आणि काठी फिरवल्यासारखं वाटलं, तर रॉड आपल्या नंबरपेक्षा कडक आहे. त्यावर चार नंबर लाइन लावून पुन्हा बघ. नऊवर दहा फेकी कर आणि परातीत किती पडल्या ते लिहून ठेव. बारावर लाइनचा फास, म्हणजे हवेत उलगडणारा तो आडवा यू, निमुळता राहतो का ते बघ. तो जिथे उघडा पडायला लागतो, तिथे या रॉडची तुझ्या हातातली हद्द.

फेक करताना अंगठा मुठीच्या वर, शेंडा जमिनीलगत, लाइनमध्ये ढील शून्य. सावकाश उचल, वेग वाढवत ने, आणि एकदम थांब. मग वाट बघ. मागे लाइन सरळ होईपर्यंत पुढे यायचं नाही. मान वळवून खुशाल बघ, त्यात लाज कसली. मागून चाबकासारखा "फट्" आवाज आला तर घाई झाली, पाण्यावर याच आवाजाला गळ तुटून जातो. फास रुंद होत असेल तर मनगट फार मागे पडतंय.

आणि फासाचा वरचा पदर खालच्याला ओलांडून अडकत असेल, तर जोर चुकीच्या वेळी लागतोय. हलक्या रॉडवर ही चूक दुप्पट होते. रॉड इतका हलका, की हाताला काही केल्यासारखंच वाटत नाही, म्हणून आपण सुरुवातीलाच हिसका देतो. मऊ शेंडा त्या हिसक्याने खाली दबतो, लाइनही त्याच्या मागे खाली जाते आणि स्वतःलाच कापते. लीडरवर बारीक गाठी पडतात. त्या गाठींवर दोरा जवळपास अर्ध्या ताकदीला येतो, म्हणून दर पंधरा-वीस फेकींनी लीडर बोटांतून ओढून बघ आणि गाठ सापडली की कापून नवा दोरा जोड. उपाय एकच: जोर कमी कर. मग अजून कमी कर. पाच नंबरची सवय असलेल्या हाताला हे पटायला वेळ लागतो.

वाऱ्याचं वेळापत्रक पाळ. जानेवारीत सकाळी वारा जमिनीकडून आणि मंद असतो; दुपारकडे तो फिरतो आणि समुद्राकडून येतो. साडेसहा ग्रॅमची लाइन त्या वाऱ्यात समोर जात नाही, कितीही शिकलास तरी. म्हणून चाचणी नऊच्या आत संपव. वारा उजवीकडून असेल तर रॉड डाव्या खांद्यावरून आण, नाहीतर गळ थेट कानात.

खाडीवर मात्र हा रॉड नेऊ नकोस. जिताडा, तांब हे आठ नंबरचं काम. बोई अंगाने छोटी असली तरी तिथला वारा छोटा नसतो.

वाकवून बघायची एक चाचणी घरीच कर. लीडरचं टोक स्प्रिंगच्या काट्याला बांध, रॉड जमिनीशी ४५ अंशांवर धर आणि हळू ताण वाढव. वाक शेंड्यापासून मुठीकडे सलग उतरत आला पाहिजे, सांध्यापाशी कोन दिसता कामा नये. काटा अर्ध्या किलोवर आला की थांब. बघशील, अर्धा किलोसुद्धा हाताला केवढा वाटतो. तेव्हा कळेल की पवईत चार-पाच किलोचा कटला लागला तर या रॉडवर काय होईल: तो दमून अर्धमेला होईपर्यंत ओढत बसावं लागेल आणि सोडल्यावरही जगेल याची खात्री नाही. असा लागलाच तर रॉड त्याच्याकडे सरळ रोखून दोरा तोडून टाक. पायाशी आलेल्या माशावर रॉड उभा करणं हे तर या रॉडच्या तुटण्याचं हमखास निमित्त. सगळा वाक शेंड्यात गोळा होतो.

या रॉडला शोभतो तो चिलापी. पाव-अर्धा किलोचा, बारा-चौदा नंबरच्या छोट्या गळावर येणारा, तीन नंबरवर झकास खेळणारा. पवईचा तलाव १८९१ चा, काठ गाळाने उथळ झालेले आणि जलपर्णी भरपूर. त्यामुळे काठाजवळ मोकळं पाणी दिसेल तिथेच टाक. तिथे मगरी आहेत, पाण्यात पाय घालून उभं राहायचं नाही. आणि महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनकडे परवानगीचं आधी विचारून घे, मगच नळी उघड. पितळी मण्याचा जड गळ वापरलास तर फेक रुंद आणि गोलाकार ठेव. मणी कार्बनवर एकदा टणकन लागला की त्या दिवशी काही दिसत नाही, पण बारीक चीर पडलेली असते. महिन्याभराने पाव किलोच्या माशावर रॉड तुटतो आणि आपण कंपनीच्या नावाने बोटं मोडतो.

घरी आलास की रॉड गोड्या पाण्याने पुसून रात्रभर बाहेर वाळव, मगच नळीत. ओला ठेवलास तर रंगाला फोड येतात, आणि जून-जुलैत बुचाच्या मुठीवर आठवड्यात बुरशी धरते. वॉरंटी कार्डाचा आणि मुठीजवळच्या अनुक्रमांकाचा फोटो आजच काढून ठेव.

येत्या बुधवारी सातला सोसायटीच्या बागेत ये. काटा माझ्याकडे आहे, परात तू आण. वहिनींना विचारून.

तुझा,
अनंता