आई-आबांच्या दोन रात्री, चर्चगेट

मुंबई,
18 जानेवारी 2026

प्रिय सुधीर,

तुझं पत्र कालच मिळालं. आई-आबांना यंदा डोंबिवलीला कुणाकडे न उतरवता थेट चर्चगेटच्या हॉटेलात दोन रात्री ठेवायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. खर्चाबद्दल इतकं ओशाळून लिहू नकोस. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना मुंबई दाखवायची, तर दुपारी एक ते चार त्यांना पाठ टेकायला जागा हवी आणि ती फिरण्याच्या जागेपासून दहा-पंधरा मिनिटांवर हवी. मध्यवस्तीतल्या हॉटेलचे जादा पैसे आपण त्या दुपारच्या झोपेसाठी मोजतो. ती झोप मिळणार नसेल, तर डोंबिवली काय वाईट?

म्हणून पहिली दुरुस्ती गाडीची. तू सोलापूरहून रात्री सुटणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली आहेस. ती सकाळी सातच्या आत सीएसएमटीला येते आणि हॉटेलची खोली हाती मिळते दुपारी दोनला. आधीचे पाहुणे बाराला खोली सोडतात. एक खोली नीट साफ करायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि एका कामगाराकडे एका पाळीत चौदा-पंधरा खोल्या असतात. शुक्रवारी सकाळी रिकामी खोली निघालीच तर देतील, पण तो त्या दिवसाचा योग. रात्रभर डब्यात अवघडलेल्या आबांना त्या योगावर सोडू नकोस. त्यापेक्षा वंदे भारत घे. सोलापूरहून सकाळी सहाच्या सुमारास सुटते आणि साडेबाराच्या आसपास सीएसएमटीला पोचवते. टॅक्सी, रिसेप्शनवरची नोंदणी, थोडं खाणं होईतो दोन वाजतात. परतीची सीएसएमटीहून दुपारी चारनंतर निघते, तीही आपल्या सोयीची. एवढं ध्यानात ठेव, की सोलापूरहून ती गुरुवारी नसते आणि मुंबईहून बुधवारी. तुझा शुक्रवार-रविवार त्यात बसतो.

वंदे भारतची तिकिटं मिळाली नाहीत आणि सिद्धेश्वरनेच यावं लागलं, तर गुरुवारची रात्रही बुक कर. म्हणजे सकाळी सातला खोली तुझीच. पण यात एक खड्डा आहे. गुरुवारी रात्री तू आला नाहीस, की रात्रीच्या हिशेबाच्या वेळी तुझं नाव ‘नो-शो’त जातं आणि सगळं बुकिंग रद्द होऊ शकतं. त्यामुळे ‘आम्ही शुक्रवारी सकाळी सातला पोचणार आहोत, खोल्या राखून ठेवाव्यात’ असं हॉटेलला ईमेलने कळव आणि त्यांचं उत्तर जपून ठेव. नुसतं फोनवर सांगितलेलं पाळी बदलली की विसरलं जातं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास फोर्टमध्ये काळा घोडा कला महोत्सव असतो. तिकडचे रस्ते गर्दीने भरतात, काही वाहनांना बंद होतात आणि खोल्यांचे भाव चढतात. तुमच्या तारखा पुढे ढकलता आल्या तर दुसरा-तिसरा आठवडा बघ.

आता हॉटेलची इमारत. इथे फोटोंवर जाऊ नकोस. चर्चगेट आणि फोर्टमधली कित्येक मध्यम हॉटेलं जुन्या इमारतींच्या एक-दोन मजल्यांवर आहेत. खोली सुरेख असते, पण रस्त्यावरून लिफ्टपर्यंत आठ-दहा पायऱ्या असतात, नाहीतर लिफ्ट अर्ध्या जिन्यावरून सुरू होते. आईंचे गुडघे बघता फोनवर नेमकं विचार: ‘टॅक्सीतून उतरल्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या? लिफ्टमध्ये बॅगांसह किती माणसं मावतात?’ फोन सकाळी अकरा ते दुपारी तीन करू नकोस. तेव्हा काउंटरवर जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची झुंबड असते, उत्तरं घाईत मिळतात. संध्याकाळी पाचनंतर कर आणि रिझर्व्हेशनचं माणूस माग.

जागा म्हणशील तर ओव्हल मैदानाच्या पश्चिमेचा पट्टा मला सगळ्यात पसंत आहे. मैदानाच्या एका अंगाला उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर, विद्यापीठ आणि दुसऱ्या अंगाला 1930च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. दोन्ही मिळून 2018 साली जागतिक वारसा यादीत गेल्या. तिथून मरीन ड्राइव्ह चालत पाच-सात मिनिटं. कुलाबा कॉजवेवर रात्री उशिरापर्यंत गोंगाट असतो. बॅलार्ड इस्टेट शांत आणि देखणी, पण रविवारी तिथे चहासुद्धा शोधावा लागतो.

समुद्रासमोरच्या खोलीचा तुझा हट्ट आहे, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. ‘सी-फेसिंग’ म्हणजे खिडकी सरळ समुद्राकडे. ‘सी-व्ह्यू’ म्हणजे मान वाकडी करून इमारतींच्या फटीतून दिसणारा समुद्रही असू शकतो. भाव सांगतील तेव्हा हा फरक विचारून घे. दुसरं म्हणजे, मरीन ड्राइव्ह पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे नेमक्या झोपेच्या वेळी ऊन थेट काचेवर येतं. जाड पडदे आहेत का, हे विचारायलाच हवं. खाली गाड्यांची वर्दळ मध्यरात्र उलटली तरी चालू असते. मी तुझ्या जागी असतो तर मागच्या बाजूच्या शांत खोल्या घेतल्या असत्या आणि समुद्र खाली जाऊन कट्ट्यावर बसून बघितला असता. कट्ट्याला भाडं नाही. मजला चौथा-पाचवा माग. त्याखाली रस्त्याचा आवाज येतो आणि फार वर गेलं तर लिफ्ट बंद पडल्यावर आईंचे हाल. लिफ्टला लागून, नोकरांच्या पॅन्ट्रीशेजारी किंवा हॉलच्या डोक्यावरची खोली नको म्हणून सांग. फेब्रुवारीतला शनिवार म्हणजे लग्नाचं रिसेप्शन असायचंच, आणि डीजेचा ठोका भिंतीतून वर येतो.

दोन खोल्या घेणार आहेस ते योग्यच. त्या ‘कनेक्टिंग’ माग, म्हणजे मधे आतून दार असलेल्या. ‘ॲडजॉइनिंग’ म्हटल्या तर त्या फक्त शेजारी असतात. रात्री आबा उठले तर वहिनींना किंवा तुला व्हरांड्यात न येता जाता यावं, हा मुद्दा. अशा जोड्या हॉटेलात मोजक्याच असतात, म्हणून ‘विनंती नोंदवली’ एवढ्यावर थांबू नकोस, ‘पक्की केली’ असं लेखी घे.

बाथरूमबद्दल मात्र अजिबात तडजोड नको. घरचं मोठं माणूस हॉटेलात पडतं ते बहुतेक तिथेच. टबमध्ये शॉवर असेल तर गुडघाभर कडा ओलांडून ओल्या, गुळगुळीत तळावर पाय ठेवावा लागतो. आई-आबांच्या खोलीत सपाट जमिनीचा शॉवर हवा आणि भिंतीला धरायला दांडी हवी. बादली, मग आणि प्लॅस्टिकचं स्टूल खोलीत नसतं, पण हाउसकीपिंगला सांगितलं की आणून देतात. टबाच्या काठावर घडी घालून ठेवलेला जाड पायपुसण्यासारखा टॉवेल असतो, तो अंघोळीआधी बाहेर जमिनीवर अंथरायचा. गरम पाण्याची टाकी मध्यवर्ती असते, त्यामुळे लांबच्या खोलीत पहिलं मिनिट-दोन मिनिटं थंडच पाणी येतं आणि मग एकदम कढत. आबांना आधी सांगून ठेव, किंवा पाणी तूच जमवून दे.

आता पैसे. इथे एक रेघ आहे आणि ती 7,500 रुपयांवर आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजचं भाडं 7,500 पर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, आणि त्यावर गेलं की 18 टक्के. उदाहरणच घे. 7,400च्या खोलीवर कर 370, एकूण 7,770. 7,600च्या खोलीवर कर 1,368, एकूण 8,968. भाड्यात फरक दोनशेचा आणि बिलात 1,198चा. तुझ्या दोन खोल्या, दोन रात्री, म्हणजे बिल जवळजवळ 4,800 रुपयांनी वाढतं, आणि त्यातले 4,000च्या आसपास या रेघेपायी जातात. भाव रेघेच्या जरासा वर सांगितला, तर ‘7,500च्या आत बसवता का?’ असं सरळ विचार. थेट हॉटेलकडून घेताना पुष्कळदा बसवतात. ॲपवर रक्कम स्वस्त दिसली तरी ती करासह आहे का आणि रद्द केल्यावर परत मिळते का, हे पाहूनच पैसे भर. म्हातारी माणसं सोबत असताना ‘नॉन-रिफंडेबल’ घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. भाव विचारताना ‘सीपी’ म्हणाले तर नाश्ता धरून, ‘ईपी’ म्हणाले तर नुसती खोली.

जेवणाच्या बिलाचंही असंच आहे. ज्या हॉटेलात गेल्या आर्थिक वर्षात एखादी तरी खोली 7,500च्या वर गेली असेल, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर 18 टक्के कर लागतो. बाहेर साध्या रेस्टॉरंटमध्ये तोच 5 टक्के. सेवा शुल्क छापून आलं तर ते ऐच्छिक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते सक्तीने घेता येणार नाही, हे कायम केलं. नको असेल तर शांतपणे काढायला सांग, आणि वाढणाऱ्या पोराच्या हातात मनाने काय द्यायचं ते दे.

सीएसएमटीला उतरलात की अठरा नंबर फलाटाच्या बाजूने, पी. डिमेलो रोडकडे बाहेर पडा. समोरच्या भुयारी मार्गाच्या पायऱ्या आईंना झेपणार नाहीत. तिथून काळी-पिवळी टॅक्सी घ्या. शहराच्या या भागात रिक्षा येतच नाही, त्यामुळे शोधत बसू नका. कमीत कमी भाडं 31 रुपये. अंतर थोडं म्हणून एखादा नाही म्हणेल, दुसऱ्याला विचार. चर्चगेट दोन किलोमीटरच्या आसपास आहे.

काउंटरवर चौघांचंही ओळखपत्र लागतं. आधार, मतदार कार्ड, पासपोर्ट किंवा वाहन परवाना चालतो. पॅन चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. आबांचं आधार घरी कपाटात राहायचं आणि इथे तासभर खोळंबा व्हायचा, म्हणून आदल्या रात्रीच पाकिटात टाक. प्रती द्यायच्या तर मास्क केलेल्या आधारच्या दे, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. अनामत मागतील. क्रेडिट कार्डावर ती रक्कम फक्त अडकवून ठेवतात, डेबिट कार्डातून मात्र खरोखर वळती होते आणि परत यायला काही दिवस जातात. क्रेडिट कार्ड नसेल तर रोख दे आणि पावती घे.

खोलीत शिरल्यावर बॅगा उघडण्याआधी पाच मिनिटं काढ. एसी 25 वर लावून गार होतो का, कमोडचा फ्लश, गरम पाणी, खिडकीची कडी आणि दोन खोल्यांमधलं आतलं दार उघडतं का ते बघ. खोट असेल तर तेव्हाच खोली बदलून मिळते. सामान पसरल्यावर नुसती दुरुस्ती होते. दाराजवळच्या खाचेतलं कार्ड काढलं की सगळी वीज जाते, चार्जिंगला लावलेला फोनही बंद पडतो. म्हणून प्रत्येक खोलीची दोन-दोन कार्डं माग. पाण्याच्या ज्या बाटल्यांवर ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलं असेल त्याच फुकट, फ्रिजमधल्या नाहीत. किटलीत पहिलं पाणी उकळून ओतून टाक आणि दूध कधीच तापवू नकोस, बुडाला लागतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरूर आण. कोरडं खाणं खोलीत खाल्लं तर कुणी हरकत घेत नाही, आणि रात्री भूक लागली तर आबांना तेच रुचेल.

नाश्त्याला साडेसातला खाली जा. नऊनंतर डोशाच्या काउंटरपाशी रांग लागते आणि टेबल मिळत नाही.

शनिवारी सकाळी सव्वादहाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडतं. दीड-दोन तास पुरेत, सगळी दालनं करायचा हट्ट धरू नका. शेजारी जहांगीर आर्ट गॅलरी. साडेबारापर्यंत निघून चर्चगेटला सम्राटमध्ये गुजराती थाळी जेवा आणि सरळ खोलीवर या. चार वाजेपर्यंत कुणाला उठवू नकोस. साडेपाचला मरीन ड्राइव्ह. वाटेत वीर नरिमन रोडवर के. रुस्तम उघडं असेल तर बिस्किटांच्या मधे ठेवलेलं आइस्क्रीम घ्या, आईंना आवडेल. त्या दिवसांत सूर्य पावणेसातच्या आत बुडतो, साडेसहाला कट्ट्यावर जागा धरलेली बरी. घारापुरीचा विचार यंदा सोड. होडीत चढण्या-उतरण्यातच त्यांचा दम जाईल.

रविवारी खोली बाराला सोडायची आहे आणि गाडी चारनंतर. शनिवारी संध्याकाळीच काउंटरवर ‘एक खोली दोनपर्यंत मिळेल का’ विचारून ठेव. दोन्ही मागितल्या तर नाही म्हणतील, एक बहुधा देतात. बिल रात्रीच मागवून ओळ न् ओळ बघ, सकाळच्या घाईत चुका निसटतात. अनामत परतीची नोंदही त्यातच करून घे. फोर्टातल्या बऱ्याच खानावळी रविवारी बंद असतात, म्हणून जेवण चर्चगेटलाच उरका आणि तीनला निघा.

तिकिटं हाती आली की गाडीचा डबा आणि हॉटेलचं नाव कळव. आईंना विचार, बाथरूममध्ये त्यांना स्टूल उंच लागतं की बुटकं. मी तसं आधीच सांगून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, आई-आबांना साष्टांग.

तुझा,
विनायक