चित्रपटासोबत कादंबरीचंही नाव छापा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी पुस्तकांची देवघेव सांभाळते. टीव्हीवर किंवा मोबाइलवर कुणी 'सिंहासन' पाहिला की दोन-चार दिवसांत टेबलापाशी येऊन ती कादंबरी मागतात. मी अरुण साधूंची 'सिंहासन' काढते आणि सोबत त्यांचीच 'मुंबई दिनांक'ही पुढे करते. जब्बार पटेलांचा १९७९चा चित्रपट या दोन्ही कादंबऱ्यांवर बेतलेला आहे, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. एकीच्या तारखांच्या कागदावर शिक्क्यांना जागा उरलेली नाही, दुसरीच्या कागदावर मोजून चार शिक्के. ते पाहून फार वाईट वाटतं.

तीच गत 'उंबरठा'ची. स्मिता पाटील सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहते, पण तो चित्रपट शांता निसळांच्या 'बेघर'वरून घेतला, हे सांगावं लागतं. 'जैत रे जैत'ची गाणी पाठ असणाऱ्या किती जणांनी गो. नी. दांडेकरांची कादंबरी हातात घेतली असेल?

गेल्या पावसाळ्यात नववीतला एक मुलगा 'शाळा' मागायला आला. सुजय डहाके यांचा चित्रपट त्याने दोनदा पाहिला होता. मिलिंद बोकीलांची ही कादंबरी, आणीबाणीच्या काळातल्या शाळकरी मुकुंदाची गोष्ट, तिसऱ्याच दिवशी परत आणली आणि विचारलं, "मॅडम, आणीबाणीत नेमकं काय झालं होतं?" मग म्हणाला, "यात मुकुंदा सारखा मनातल्या मनात बोलतो, ते पिक्चरमध्ये एवढं नव्हतं." अगदी बरोबर बोलला. चित्रपटात मुकुंदा समोर दिसतो, पुस्तकात आपण त्याच्या डोक्यात जाऊन बसतो. त्याला आवडणारी शिरोडकर वर्गात आली की त्याच्या मनात जी उलथापालथ होते, ती कॅमेऱ्याला कितीशी पकडता येणार?

त्याला मी पुढे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' दिली. तीही 'मी'नेच सांगितलेली. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर आलेला कोवळा मास्तर, भरतच नसलेली शाळा, नवख्या मास्तरला जोखणारी माणसं, आणि शेवटी दुष्काळाने मेंढरांसकट रिकामी होत गेलेली वाडी. १९५५ची कादंबरी आहे, पण भाषा आजही ताजी आहे. दोन दिवसांत वाचून होते. अमोल पालेकरांचा १९९५चा चित्रपट चांगलाच आहे, पण माझं ऐकाल तर पुस्तक आधी वाचा.

आपल्या पुरवणीत परीक्षण छापताना नट, दिग्दर्शक, संगीतकार सगळे येतात. चित्रपट कादंबरीवरचा असेल तर कादंबरीचं नाव, लेखक आणि प्रकाशन, एवढी एक ओळ चौकटीत द्यावी. दोन कादंबऱ्यांवरचा असेल तर दोन्हींची नावं द्यावीत. ते कात्रण मी आमच्या सूचना फलकावर लावीन आणि त्याखाली आमच्याकडच्या प्रतीचा दाखल क्रमांक लिहीन.

आपली नम्र,
एक ग्रंथालय सेविका