पक्षफुटीचे मूळ १९१२ मध्ये नव्हे, १९०९ मध्ये

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अमेरिकेच्या अध्यक्षांवरील आपल्या लेखमालेतील विल्यम हॉवर्ड टॅफ्ट यांच्यावरचा लेख वाचला. आधीचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची महत्त्वाकांक्षा अनावर झाली, त्यांनी स्वतःच निवडलेल्या वारसदाराविरुद्ध बंड पुकारले आणि त्यामुळे १९१२ मध्ये रिपब्लिकन पक्ष फुटला, असा त्या लेखाचा रोख आहे. टॅफ्ट हे सज्जन पण दुबळे अध्यक्ष होते, असाही निष्कर्ष त्यात ओघाने आला आहे. दोन्ही विधानांत तथ्यांश आहे, परंतु त्यांतून उभे राहणारे चित्र मला अपुरे वाटते. पक्षाला पहिला तडा गेला तेव्हा रूझवेल्ट आफ्रिकेत शिकारीच्या मोहिमेवर होते, आणि तो तडा जाण्याचे कारण टॅफ्ट यांचा दुबळेपणा हे नसून नेतृत्व म्हणजे काय याविषयीची त्यांची समजूत हे होते, असे माझे मत आहे.

दुबळेपणाचा आरोप तर त्यांच्या कारभाराच्या तपशिलावर टिकतच नाही. मक्तेदारी कंपन्यांचे कर्दनकाळ म्हणून रूझवेल्ट यांचा लौकिक झाला. पण त्यांच्या साडेसात वर्षांत असे जेवढे खटले दाखल झाले, त्याच्या सुमारे दुप्पट, म्हणजे नव्वदच्या आसपास खटले टॅफ्ट सरकारने चार वर्षांत दाखल केले. रेल्वेच्या दरांवर आंतरराज्य वाणिज्य आयोगाची पकड घट्ट करणारा १९१० चा कायदा त्यांच्याच काळातला. टपाल बचत बँकाही त्यांच्याच काळात सुरू झाल्या. ज्या घटनादुरुस्तीमुळे पुढे आयकराचा मार्ग मोकळा झाला, ती काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) राज्यांकडे पाठवली १९०९ च्या जुलैमध्ये, आणि त्यामागे टॅफ्ट यांचा पुढाकार होता. या कामगिरीचा धनी असलेला माणूस चार वर्षांनी पुन्हा निवडणुकीला उभा राहतो आणि त्याला केवळ दोन राज्ये मिळतात, याचा उलगडा करायचा तर कामांच्या यादीपलीकडे जावे लागते.

उलगडा आयात जकातीच्या प्रश्नात आहे. संरक्षक जकात हा रिपब्लिकन पक्षाचा जुना श्रद्धाविषय. पूर्वेकडच्या कारखानदारांना ती हवी होती, तर मध्य-पश्चिमेतल्या शेतकरी राज्यांना ती जाचक वाटू लागली होती, कारण तिथल्या माणसाला आपला माल खुल्या बाजारात विकावा लागे आणि लागणारी प्रत्येक वस्तू मात्र चढ्या भावाने घ्यावी लागे. १९०८ च्या जाहीरनाम्यात पक्षाने जकातीच्या फेरविचाराचे आश्वासन दिले होते. फेरविचार म्हणजे कपात, हे टॅफ्ट यांनी प्रचारात स्पष्ट केले होते. १९०९ च्या मार्चमध्ये त्यांनी त्यासाठी काँग्रेसचे खास अधिवेशन बोलावलेही. रूझवेल्ट यांनी सात वर्षे ज्या विषयाला शहाणपणाने हात लावला नव्हता, त्याला टॅफ्ट यांनी पहिल्याच महिन्यात हात घातला, याला मी धैर्यच म्हणेन.

मात्र अधिवेशनाला पाठवलेला त्यांचा संदेश अगदी त्रोटक होता. कोणत्या वस्तूवरची जकात किती उतरावी, कोणत्या बाबतीत अध्यक्ष माघार घेणार नाहीत, याचा त्यात पत्ता नव्हता. कायदा करणे हे काँग्रेसचे काम, त्यात अध्यक्षाने लुडबुड करू नये, ही त्यांची प्रामाणिक धारणा होती. प्रतिनिधिगृहात सिरेनो पेन यांनी बरीच कपात करणारे विधेयक संमत करून घेतले. ते सिनेटमध्ये जाताच ऱ्होड आयलंडचे सिनेटर नेल्सन ऑल्ड्रिच यांनी त्यात आठशेहून अधिक दुरुस्त्या घुसवल्या आणि त्यांपैकी बहुतेकांनी जकात पुन्हा वर नेली. विस्कॉन्सिनचे ला फॉलेट, आयोवाचे डॉलिव्हर आणि कमिन्स, इंडियानाचे बेव्हरिज या रिपब्लिकन सिनेटरांनी बंड केले; त्यांनी लोकर, कापूस, साखर, धातू अशी प्रकरणे आपापसांत वाटून घेतली, रात्र रात्र आकडे अभ्यासले आणि सभागृहात एकेका कलमाची चिरफाड केली. अध्यक्ष आपल्या पाठीशी उभे राहतील अशी त्यांची अपेक्षा होती. ते राहिले नाहीत. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीपर्यंत ते थांबले, तिथे कच्च्या कातड्यावरची जकात रद्द करून घेतली, इतर काही वस्तूंवरची कमी करून घेतली, कंपन्यांच्या नफ्यावर एक टक्का कर बसवून घेतला आणि ५ ऑगस्ट १९०९ रोजी विधेयकावर सही केली. स्वतःच्या पक्षाच्या सात सिनेटरांनी अखेरच्या मतदानात विरोध केला होता, हे डोळ्यांसमोर असताना केलेली ती सही होती.

इथवर जे घडले तेही सावरता आले असते. तडजोड झाली, हवे तेवढे पदरात पडले नाही, उरलेले पुढच्या वेळी पाहू, असे सांगून एखादा अध्यक्ष दोन्ही गटांना गप्प बसवू शकतो. टॅफ्ट यांनी मात्र १७ सप्टेंबर १९०९ रोजी मिनेसोटातल्या विनोना या गावी भाषण केले आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. रिपब्लिकन पक्षाने आजवर संमत केलेल्या जकात कायद्यांत हा सर्वोत्तम, असे ते तिथे म्हणाले. गाव कुठले निवडले ते पाहावे. मिनेसोटाच्या दोन्ही सिनेटरांनी या कायद्याविरुद्ध मत दिले होते आणि प्रतिनिधिगृहातही त्या राज्यातून एकट्या जेम्स टॉनी यांनीच तो उचलून धरला होता. विनोना हे टॉनींचे गाव. त्यांना हात द्यावा म्हणून अध्यक्ष तिथे गेले होते. भाषण प्रवासात घाईघाईने तयार केल्याची कबुली टॅफ्ट यांनी नंतर दिली. याच भाषणात लोकरीवरची जकात फार जास्त राहिली आहे हेही त्यांनी मान्य केले होते, पण वर्तमानपत्रांनी उचलले ते ‘सर्वोत्तम’ एवढेच, आणि ते साहजिक होते. पुढच्याच वर्षी टॉनी पक्षांतर्गत निवडणुकीत पडले. १९१२ मध्ये मिनेसोटा रूझवेल्ट यांच्याकडे गेले.

त्या एका वाक्याने मध्य-पश्चिमेतला बंडखोर गट आणि अध्यक्ष यांच्यातला दुवा तुटला, आणि तो पुन्हा जोडण्याऐवजी टॅफ्ट यांनी गटाला शिक्षा करायचे ठरवले. १९१० च्या सुरुवातीपासून बंडखोरांच्या शिफारशींवरून होणाऱ्या सरकारी नेमणुका रोखल्या गेल्या. त्या वर्षीच्या उमेदवार निवडीत त्यांच्याविरुद्ध अध्यक्षनिष्ठ उमेदवारांना बळ दिले गेले आणि त्यातले बहुतेक आपटले. शेवटी सप्टेंबरमध्ये अध्यक्षांच्या सचिवाने पत्र लिहून नेमणुका रोखल्याचे मान्य केले आणि यापुढे भेदभाव होणार नाही असे आश्वासन दिले. शिक्षा केल्याची कबुली आणि ती फसल्याचीही कबुली, दोन्ही एकाच पत्रात. त्याआधी मार्चमध्ये नेब्रास्काच्या जॉर्ज नॉरिस यांनी डेमोक्रॅटांच्या साथीने सभापती जोसेफ कॅनन यांची, कोणते विधेयक चर्चेला यावे हे ठरवणाऱ्या नियम समितीवरची मक्तेदारी मोडून काढली होती. कॅनन टॅफ्ट यांनाही मनातून आवडत नव्हते. तरी जकातीच्या विधेयकासाठी त्यांची गरज आहे असे मानून त्यांनी सुरुवातीलाच त्यांच्याशी जुळवून घेतले होते. वनखात्याचे प्रमुख गिफर्ड पिंचॉट यांनी सरकारी जमिनींचे खाते सांभाळणारे मंत्री बॅलिंजर यांच्यावर अलास्कातल्या कोळशाच्या जमिनींवरून उघड हल्ला चढवला आणि पिंचॉट यांना पदावरून जावे लागले. पिंचॉट शिस्त मोडत होते हे खरेच, पण ते रूझवेल्ट यांचे जवळचे मित्र होते, आणि त्यांना काढणे म्हणजे आफ्रिकेत निरोप पोहोचवणे होते. नोव्हेंबर १९१० मध्ये प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटांच्या हाती गेले. सोळा वर्षांत असे घडले नव्हते.

टॅफ्ट यांची मनोवृत्ती मला सर्वांत स्पष्ट दिसते ती १९११ च्या उन्हाळ्यात. डेमोक्रॅट आणि बंडखोर रिपब्लिकन यांनी मिळून लोकरीवरची जकात कमी करणारे विधेयक संमत केले. ज्या जकातीला टॅफ्ट यांनी विनोनाच्या व्यासपीठावरून जादा म्हटले होते, तीच ही जकात. त्यांनी नकाराधिकार वापरला. कारण असे दिले की जकात मंडळाचा अभ्यास अद्याप पूर्ण झालेला नाही आणि पुराव्याशिवाय दर ठरवणे योग्य नाही. न्यायासनावर बसलेल्या माणसाचे हे उत्तर बिनचूक आहे. पुरावा येईपर्यंत निकाल राखून ठेवायचा असतो. परंतु दोन वर्षे थांबलेल्या कॅन्सस-आयोवातल्या मतदाराला त्यातून एवढेच समजले की अध्यक्ष पुन्हा एकदा कारखानदारांच्या बाजूने उभे राहिले.

रूझवेल्ट यांचा दोष मी झाकू इच्छित नाही. ऑक्टोबर १९११ मध्ये सरकारने युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीवर खटला भरला आणि त्याच्या तक्रारीत, १९०७ च्या आर्थिक अरिष्टात टेनेसी कोल अँड आयर्न कंपनीच्या खरेदीला संमती देताना रूझवेल्ट यांची दिशाभूल झाली होती, असे सूचित केले गेले. हा अपमान रूझवेल्ट यांनी मनाला लावून घेतला. फेब्रुवारी १९१२ मध्ये ओहायोतल्या कोलंबस इथे त्यांनी राज्यांतील न्यायालयांचे घटनाविषयक निर्णय मतदारांनी फिरवावेत अशी मागणी केली, तेव्हा एलिहू रूट आणि हेन्री कॅबट लॉज यांच्यासारखे त्यांचे जुने साथीही दुरावले. टॅफ्ट तोवर स्वतःच्या फेरनिवडीबाबत फारसे उत्साही नव्हते. न्यायालयावर हात टाकला जातो आहे हे पाहून ते इरेला पेटले. एप्रिलमध्ये बोस्टनला त्यांनी रूझवेल्ट यांची जुनी पत्रे वाचून दाखवत त्यांच्यावर टीका केली, आणि सभेनंतर रेल्वेच्या डब्यात भेटायला आलेल्या वार्ताहरापुढे, रूझवेल्ट माझे सर्वांत जवळचे मित्र होते, असे म्हणून ते रडले. या माणसाला सत्तेची हाव होती असे कोण म्हणेल?

तरीही जूनमध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या शिकागोच्या अधिवेशनात जे झाले त्याची जबाबदारी त्यांच्याकडेच जाते. ज्या राज्यांत प्राथमिक निवडणुका झाल्या तिथे रूझवेल्ट यांना २७८ प्रतिनिधी मिळाले होते आणि टॅफ्ट यांना ४८. खुद्द टॅफ्ट यांचे ओहायोही रूझवेल्ट यांनी जिंकले होते. वादग्रस्त २५४ जागांचा निवाडा पक्षाच्या राष्ट्रीय समितीने केला आणि त्यांतल्या २३५ टॅफ्ट यांना, १९ रूझवेल्ट यांना दिल्या. दक्षिणेतल्या ज्या राज्यांत पक्षाला मते जवळजवळ नव्हती, तिथले प्रतिनिधी सरकारी नेमणुकांच्या जोरावर अध्यक्षांच्या खिशात असत. हीच यंत्रणा १९०८ मध्ये रूझवेल्ट यांनी टॅफ्ट यांच्यासाठी वापरली होती, त्यामुळे तिच्याविरुद्ध त्यांचा नैतिक संताप मला पूर्णपणे पटत नाही, आणि वादग्रस्त जागांपैकी बऱ्याच जागांवरचा त्यांचा दावा लंगडा होता हेही खरे. नियमाने टॅफ्ट जिंकले. पण सभागृहात रूझवेल्ट यांचे समर्थक पॉलिश कागद एकमेकांवर घासून आणि शिट्ट्या वाजवून, पक्षयंत्रणा आपल्याला चिरडते आहे हे सुचवण्यासाठी, रोडरोलरचा आवाज काढत होते, व्यासपीठाभोवतीच्या सजावटीखाली काटेरी तार लावलेली होती, आणि उमेदवार ठरवायच्या वेळी ३४४ प्रतिनिधी हजर असून मत देत नव्हते. टॅफ्ट यांना ५६१ मते पडली. अशा सभागृहातून उमेदवारी घेऊन बाहेर पडणाऱ्या नेत्याच्या मागे नोव्हेंबरात पक्ष उभा राहणार कसा? राज्याराज्यांतल्या जागांवर देवाणघेवाण करून तिसरा उमेदवार पुढे करण्याची भाषाही तेव्हा झाली. दोन्ही मुख्य पुरुषांपैकी कुणीच मागे हटले नाही, आणि रूझवेल्ट वेगळा पक्ष काढून निवडणुकीला उभे राहिले.

निकाल सर्वज्ञात आहे. वुड्रो विल्सन ४१.८ टक्के मतांवर ४३५ निर्वाचक मते घेऊन गेले. रूझवेल्ट यांना ८८ मिळाली. टॅफ्ट यांच्या वाट्याला व्हर्मॉन्ट आणि यूटा मिळून आठ. रूझवेल्ट आणि टॅफ्ट यांची मते एकत्र केली तर निम्म्याहून थोडी अधिक भरतात, आणि म्हणूनच फूट पडली नसती तर विल्सन निवडून आलेच नसते असे सर्रास लिहिले जाते. मला तितकी खात्री वाटत नाही, कारण १९१० मध्येच मतदाराने पाठ फिरवली होती. याहून गंभीर परिणाम पक्षाच्या आत झाला: पुरोगामी मंडळी बाहेर पडली, समित्या आणि यंत्रणा जुन्या धुरिणांच्या हाती राहिली, आणि बाहेर गेलेल्यांपैकी पुष्कळजण परतले तेव्हा पक्ष त्यांचा राहिला नव्हता.

शेवटी आपल्या लेखात आलेल्या एका वाक्याबद्दल. माणसे वळवणे टॅफ्ट यांच्या स्वभावातच नव्हते, असे त्यात म्हटले आहे. १९२१ मध्ये हार्डिंग यांनी त्यांना सरन्यायाधीश केले, त्यानंतरची नऊ वर्षे या विधानाला पुष्टी देत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाला आपल्यापुढचे खटले निवडण्याची मुभा देणारा १९२५ चा कायदा त्यांनी काँग्रेसमध्ये अक्षरशः पाठपुरावा करून मिळवला. मसुदा सहकारी न्यायाधीशांकडून करून घेतला, समित्यांपुढे स्वतः साक्ष दिली, सिनेटरांच्या भेटी घेतल्या. न्यायालयाला स्वतंत्र इमारत मिळावी यासाठीही ते असेच मागे लागले आणि ती मंजूर करून घेतली. म्हणजे मन वळवण्याची कला त्यांच्याकडे होती. न्यायसंस्थेसाठी ती वापरणे त्यांना कर्तव्य वाटले. डॉलिव्हर आणि कमिन्स यांच्यासाठी ती वापरणे हेही अध्यक्षाचे काम आहे, असे त्यांना १९०९ मध्ये वाटले नाही. लेखमालेचे पुस्तक होणार असेल तर एवढी भर त्या प्रकरणात घालावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक